कूस

आमच्या घराचा उंबरठा झोन्कोरचा.
गोझोत भिंतींना मऊ पिवळा दगड चालतो,
करवतीखाली लोण्यासारखा येणारा,
पण उंबरठ्याला नाही. पायांना तो पुरत नाही.
शनिवारी आई त्यावर बादली उपडी करायची,
आणि एरवी मुका, पांढराफटक दगड
ओला झाला की बोलायला लागायचा:
वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी एक,
कांदा आडवा चिरावा तशी.

बाबा त्यांना बटाटे म्हणायचे.
"आज बटाटे लागले,"
म्हणजे पातं मोडलं, मजुरी कापली,
जेवताना कुणी बोलायचं नाही.
विस्तिन शेर्री, अलाची खाण, चाळीस वर्षं.

मी त्याच बटाट्यांचे काप करते.
व्हॅलेटाच्या प्रयोगशाळेत, काचेवर चिकटवून,
घासत घासत इतके पातळ
की पलीकडचा उजेड अलीकडे यावा.
मग भिंगाखाली पेशींच्या ओळी, विटांसारख्या,
आणि मधेच रिकाम्या कोठड्या.
त्यांतले बीजाणू दार उघडंच टाकून
केव्हाच निघून गेलेत.

शेवाळ आहे हे. लाल शेवाळ,
अंगभर चुना साठवणारं.
रंग उडाला, चुना राहिला,
एवढ्यावर समुद्र सांगता येतो.
शेवाळ सापडलं, म्हणजे ऊन तळापर्यंत पोचत होतं.
फांद्या आखूड, ठेंगण्या: पाणी उथळ आणि धसमुसळं.
नुसते पातळ पापुद्रे: खूप खाली,
उरलंसुरलं निळं ऊन खाऊन जगलेले.
एका थरात मॅग्नेशियम चढलेलं: तो उन्हाळा.
पुढच्यात उतरलेलं.
बेट नव्हतंच तेव्हा. अला नव्हतं, खाण नव्हती,
चर्चच्या घंटेच्या जागी पाणीच पाणी.

आणि गोळा जर चहूबाजूंनी सारखा असेल
तर कुणीतरी त्याची कूस बदलत होतं.
नाहीतर खालची बाजू अंधारात मरते,
वरची तेवढी वाढत राहते,
हाती लागते एक लंगडी टोपी.

फेब्रुवारीपासून बाबा पलंगावर. डावं अंग गेलं.
नर्स काताल्डाने त्यांची टाच दाबून पाहिली,
लाल डाग बोटाखाली पांढरा होत नव्हता.
"दर दोन तासांनी वळवायचं," ती म्हणाली.
"रात्रीसुद्धा?"
तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली,
एक, दोन, हं.
परवा पहाटे चारला, भिंतीकडे तोंड असताना,
बाबा म्हणाले, "साल्विना, बटाटे कापतेस अजून?"
"हो."
"गोल का असतात गं ते?"
चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, समुद्र त्यांना उलटवत राहतो.
बराच वेळ काही नाही. मला वाटलं झोपले.
"एवढ्याशा वस्तूसाठी अख्खा समुद्र?"
"कधी समुद्र. कधी नुसता एखादा खेकडा,
खाणं शोधताना धक्का देऊन जाणारा."
ते अर्ध्या तोंडाने हसले.
"मग तू खेकडा."

पाठीशी उशी खोचली.
अंग पुसलेलं पाणी दाराबाहेर फेकताना
थोडं उंबरठ्यावर सांडलं.
दिव्याच्या उजेडात कडेचा गोळा वर आला,
मुठीएवढा, म्हणजे शंभरेक वर्षांचा असेल.
मी खाली बसून बाहेरचा थर शोधला,
ज्याच्यापुढे नुसती वाळू आहे.
आतल्या थरांइतकाच जाड होता तो.
काही वेगळं दिसलं नाही त्याच्यात.

पाणी वाळेपर्यंत बसले.
मग गजर सहाचा लावला.